परिसरातील बालसुरक्षितता आणि पालकांची भूमिका : एक विवेचन

प्रस्तावना

बालकाच्या जडणघडणीचा विचार करताना घर आणि शाळा या दोन संस्थांची सविस्तर चर्चा होते. या दोहोंच्या मध्ये पसरलेल्या परिसराकडे मात्र त्या मानाने दुर्लक्षच होते. वास्तविक मूल चालू लागल्यानंतर त्याला प्रथम भेटणारा समाज म्हणजे शेजार होय. जिना, अंगण, गल्ली, पार, देवळासमोरची मोकळी जागा, कोपऱ्यावरचे किराणा दुकान, ओढ्याचा काठ या ठिकाणी मूल माणसे ओळखावयास, भांडावयास आणि भांडण मिटवावयास शिकते. याच ठिकाणी त्याला इजा होण्याचीही शक्यता असते.

ही शक्यता कमी करण्यासाठी पालक सर्वसाधारणपणे दोन उपाय योजतात. मुलाला शक्य तितके घरात ठेवणे हा पहिला आणि ‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ असे बजावणे हा दुसरा. दोन्ही उपाय मायेपोटी केलेले असतात, याविषयी दुमत नाही. परंतु धोका प्रत्यक्षात कोठून येतो याची उपलब्ध माहिती पाहिली असता हे दोन्ही उपाय बऱ्याच अंशी चुकीच्या दिशेने रोखलेले आहेत असे दिसून येते. मुलाला होणारा अपाय बहुधा ओळखीच्या माणसाकडून आणि रोजच्या पायाखालच्या जागेतून होतो. म्हणून परिसराची नेमकी माहिती आणि घरी न भिता सांगण्याची मुलाला असलेली मुभा या दोन गोष्टींवर पालकांचा भर असावयास हवा. प्रस्तुत लेखात या मुद्द्याचे विवेचन महाराष्ट्राच्या संदर्भात केले आहे.

‘अनोळखी’ या शब्दाची मर्यादा

केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बाल अत्याचारांविषयीचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून तो करण्यात आला होता. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सहन केल्याचे सांगितले. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या परिचयातील किंवा विश्वासाच्या नात्यातील होते, आणि बहुसंख्य मुलांनी घडलेली गोष्ट कोणालाही सांगितलेली नव्हती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडील वर्षांच्या अहवालांत बालकांवरील गंभीर लैंगिक अत्याचाराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी परिचित असल्याचे आढळते. कुटुंबीय, नातलग, शेजारी, कुटुंबाचे स्नेही, घरमालक, कामानिमित्त घरी येणारी माणसे असे या परिचितांचे स्वरूप असते.

याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष मराठी कुटुंबांनी विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. लैंगिक अत्याचार सहन केलेल्या मुलांमध्ये ५२.९४ टक्के मुलगे होते. तिन्हीसांजेच्या आत घरात येण्याचे बंधन मुलीवर असते. तिच्या भावाच्या बाबतीत ‘मुलग्याला काय होणार आहे?’ असा समज असतो. परिणामी मुलगी कोंडली जाते आणि मुलाकडे कोणाचे लक्षच राहत नाही.

येथे भाषेचाही प्रश्न आहे. मराठी घरात वाढणाऱ्या मुलाला ‘अनोळखी’ हा शब्द नेमका कोणासाठी वापरावयाचा हे कळणे अवघड असते. शेजारचे गृहस्थ काका, वरच्या मजल्यावरच्या बाई मावशी, वॉचमन काका, रिक्षावाले काका, दुकानदार मामा, कॉलेजात जाणारा तरुण दादा, अशी नात्यांची नावे मूल बोलू लागताच त्याच्या तोंडी बसविली जातात. हा आपल्या संस्कृतीतील आपुलकीचा भाग आहे आणि तो टाकून द्यावा असे कोणी सुचविणार नाही. पण दोनदा भेटलेला आणि नाव माहीत असलेला माणूस मुलाच्या लेखी अनोळखी राहत नाही. मुलाच्या कल्पनेतील अनोळखी माणूस विद्रूप, मळक्या कपड्यांचा, खांद्यावर पोते घेतलेला असतो. चॉकलेट देणारा, आईचे नाव घेऊन बोलणारा हसतमुख काका त्या चित्रात कोठेच बसत नाही.

म्हणून माणसाच्या ओळखीपेक्षा त्याच्या वागणुकीकडे मुलाचे लक्ष वेधणे अधिक उपयुक्त ठरते. कोणी ‘हे आईला सांगू नकोस’ असे म्हणत असेल, कारण नसताना एकटे गाठत असेल, भेटवस्तू देऊन ती लपवावयास लावत असेल, कपड्यांच्या आतील अवयवांना हात लावत असेल किंवा स्वतःचे अवयव दाखवीत असेल, तर तो माणूस कितीही जवळचा असो, तेथून निघावे आणि घरी सांगावे, ही सूचना पाच-सहा वर्षांच्या मुलालाही समजते. चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशनने तयार करविलेल्या ‘कोमल’ या लघुपटात मुलीला त्रास देणारी व्यक्ती वडिलांचा मित्र व शेजारी अशी दाखविली आहे, ती याच कारणाने. ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ या रूढ शब्दांऐवजी ‘सुरक्षित’ व ‘असुरक्षित’ हे शब्द वापरण्याकडे अभ्यासकांचा कल आहे, तोही योग्य वाटतो. अत्याचारी स्पर्श मुलाला दरवेळी दुखावणारा असतोच असे नाही. शिवाय ‘वाईट’ हा शब्द ऐकल्यावर आपणच काही वाईट केले, असे मुलाला वाटू लागते.

दूरच्या गावाहून येणाऱ्याने मुलाला घरी घेऊन जाण्याचा प्रसंग पडल्यास त्याने सांगावयाचा एक परवलीचा शब्द घरात ठरवून ठेवण्याची पद्धत अनेक पालक पाळतात. ती चांगली आहे. मात्र तो शब्द शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकवून दाखविण्याचा मोह मुलाला आणि पालकांनाही आवरावा लागतो.

बागुलबुवा आणि जमाव

अनोळखी माणसाच्या भीतीचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे, आणि त्याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडलेले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांना मुले पळविणाऱ्या टोळीतील समजून जमावाने ठार मारले. ते पाचही जण सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून आलेले, भिक्षुकीवर उपजीविका करणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे होते. त्यांनी कोणतेही मूल पळविलेले नव्हते. तत्पूर्वी अनेक दिवस मुले पळविणारी टोळी आल्याचे संदेश भ्रमणध्वनीवरून फिरत होते. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना याच संशयावरून मारहाण झाली.

२०१८ च्या त्या काळात देशभर पसरलेल्या चित्रफितींपैकी एक फीत मुळात पाकिस्तानातील कराची येथे मुलांच्या सुरक्षिततेविषयी जनजागृती करण्यासाठी बनविलेली होती. मोटारसायकलवरून मुलाला उचलून नेण्याचे आणि नंतर परत आणून सोडण्याचे दृश्य तीत होते. शेवटचा परत आणून सोडण्याचा भाग व त्यासोबतचा संदेश कापून ती प्रत्यक्ष घटना म्हणून पसरविली गेली. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली.

राईनपाड्याच्या घटनेची चर्चा कायदा व सुव्यवस्थेच्या अंगाने पुष्कळ झाली. बालसंगोपनाच्या अंगाने ती फारशी झाली नाही. खांद्यावर झोळी असलेला, भिक्षा मागत फिरणारा परगावचा माणूस म्हणजे मुले नेणारा, हे चित्र भ्रमणध्वनीच्या कितीतरी आधी घराघरांत तयार झालेले आहे. जेवत नाही म्हणून, झोपत नाही म्हणून ‘बागुलबुवाला देईन’, ‘पोतेवाला येईल’ असे मुलाला सांगितले जाते. ज्यांची मुले पालांवर, रस्त्याच्या कडेला वाढतात आणि म्हणून अधिक असुरक्षित असतात, त्या भटक्या समाजांनाच या चित्रात अपहरणकर्त्याची भूमिका दिली गेली आहे. ‘पोलिसाला देईन’ ही धमकीही त्याच जातीची. ती ऐकून वाढलेले मूल जत्रेत किंवा रेल्वे स्थानकावर हरवले तर ज्याच्याकडे धावत जावयाचे त्याच गणवेशापासून दूर पळते.

संदेश पुढे पाठविण्यापूर्वी तो जवळच्या पोलीस ठाण्यात विचारून पडताळणे, गावात पोलीस पाटलांना कळविणे, एवढे काम प्रत्येक पालक करू शकतो. याच्या उलट, शाळेच्या गणवेशातील मुलाचे छायाचित्र, वर्ग, शिकवणीची वेळ आणि घराचा पत्ता मोठ्या समूहांत हौसेने पाठविणारे पालक स्वतःच आपल्या मुलाची दिनचर्या परक्यांच्या हाती देत असतात.

पायाखालच्या जागा

माणसांच्या भीतीने व्यापलेल्या पालकाचे लक्ष जागांकडे कमी जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पाच ते एकोणतीस वर्षे वयोगटातील मृत्यूंचे पहिले कारण रस्ते अपघात हे आहे, आणि मुलांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत पाण्यात बुडण्याचाही समावेश होतो. दोन्हींना बातमीमूल्य कमी आहे.

पाण्याचा धोका महाराष्ट्रात प्रदेशानुसार बदलतो. कोकणात ओहोळ, तळी आणि समुद्र. पुणे-नवी मुंबईच्या आसपास सोडून दिलेल्या दगडखाणींत साचलेले पाणी. नदीकाठच्या गावांत वाळूउपशामुळे पात्रात पडलेले खोल खड्डे, जे वरून दिसत नाहीत. ज्या डोहात वडील लहानपणी पोहले तो डोह आता तसाच राहिला असेल असे नाही. विहिरीला कठडा असावा हे सर्वांना पटते, पण शेततळ्याचा धोका वेगळा आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेनंतर शेततळ्यांची संख्या वाढली. पाणी मुरू नये म्हणून अनेक तळ्यांत प्लास्टिकचे अस्तर घातलेले असते. उतरत्या बाजूंवरील हे ओले अस्तर इतके निसरडे असते की पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. तळ्याभोवती कुंपण आणि चारही बाजूंनी आत सोडलेले गाठी मारलेले दोर, त्यांना बांधलेल्या जुन्या ट्यूब, एवढी तजवीज अल्प खर्चात होऊ शकते. बुडणाऱ्या मुलाला वाचविण्यासाठी त्याचा सोबती उडी घेतो आणि दोघेही जातात, हे वारंवार घडते. म्हणून उडी न घेता ओरडावे, दोर, काठी, ओढणी किंवा साडी फेकावी, हे मुलांना शाळेत व घरी स्पष्टपणे शिकविणे अगत्याचे आहे. शूरपणाच्या गोष्टी मात्र उडी घेणाऱ्याच्याच सांगितल्या जातात.

शहरातील पाणी टाक्यांत असते. मार्च २०२४ मध्ये मुंबईत वडाळा येथील एका सार्वजनिक उद्यानात नीट न झाकलेल्या पाण्याच्या टाकीत पडून दोन लहान मुलांचा मृत्यू झाला. उद्यान हे मुलांसाठीच असते, म्हणून तेथे पाहणी करण्याची गरज पालकांना वाटत नाही.

सोडून दिलेल्या कूपनलिकांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सविस्तर निर्देश दिले. खोदकामापूर्वी पंधरा दिवस आधी लेखी सूचना, खोदताना भोवती काटेरी तारेचे कुंपण, तोंडावर पोलादी झाकण आणि निकामी कूपनलिका तळापासून जमिनीच्या पातळीपर्यंत भरून घेणे, अशा बाबी त्यांत आहेत. आपल्या वस्तीत कोणती कूपनलिका कोरडी गेली आहे हे तेथील रहिवाशांना नक्की ठाऊक असते. ती कोणी बुजविली का, एवढे विचारण्याचे राहून जाते.

वाहनांच्या बाबतीत लहान मुलांच्या मर्यादा समजून घेणे आवश्यक आहे. साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंतच्या मुलाला येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा एकत्रित अंदाज नीट करता येत नाही. उभ्या केलेल्या दोन मोटारींच्या मधून ते बाहेर पडते तेव्हा चालकाला दिसतच नाही. गृहसंकुलाच्या आवारात मागे येणारी मोटार हा म्हणूनच खरा धोका होय. जेथे पायी चालणारे आणि वाहने एकाच जागी असतात तेथे ताशी तीस किलोमीटरपेक्षा अधिक वेग नसावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. गल्लीतील हे वेगवान वाहन पुष्कळदा शिकवणीला निघालेल्या दहावी-बारावीच्या मुलाच्या हाती असते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास, पंचवीस हजार रुपये दंड आणि वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द अशी तरतूद आहे.

या सर्व धोक्यांची यादी करून भिंतीवर लावण्यापेक्षा मुलाबरोबर परिसरातून एकदा सावकाश फिरणे अधिक फलदायी ठरते. केविन लिंच या नगररचनाकाराच्या पुढाकाराने युनेस्कोने १९७० च्या दशकात निरनिराळ्या देशांतील मुलांकडून त्यांच्या वस्तीचे नकाशे काढून घेण्याचा प्रकल्प राबविला. १९९० च्या दशकात तो पुन्हा हाती घेतला गेला तेव्हा त्यात बंगळूर येथील सत्यनगर या झोपडवस्तीचाही समावेश होता. दारिद्र्य आणि गैरसोयी असूनही तेथील मुलांचे आपल्या वस्तीविषयीचे मत बरेच चांगले असल्याचे अभ्यासकांना आढळले. मुलाने काढलेल्या अशा नकाशात पालकांना माहीत नसलेली कुंपणातील फट, गच्चीकडे जाणारा जिना, ‘तिथे तो दादा असतो म्हणून मी जात नाही’ असा टाळलेला रस्ता, या गोष्टी उमटतात. आपल्याकडील भूगोल व परिसर अभ्यासाच्या तासांना यासाठी वेगळी सामग्री लागत नाही.

सांगण्याची मुभा

पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यानंतर तो जवळपास नेहमीच प्राणघातक ठरतो, मात्र वेळीच उपचार झाल्यास तो टाळता येतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी लसीची पहिली मात्रा सुरू करणे, एवढ्यावर मुलाचा जीव अवलंबून असतो. संशयित पिसाळलेल्या प्राण्यांनी चावा घेतलेल्या व्यक्तींमध्ये सुमारे चाळीस टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मूल पिलाशी खेळावयास गेले, त्याला ओरखडा उठला, आणि ‘कुत्र्यांच्या नादी लागू नकोस’ अशी ताकीद आधी मिळालेली असल्याने ते घरी बोललेच नाही, तर सरकारी दवाखान्यात उपलब्ध असलेल्या लसीचा काहीही उपयोग होत नाही. येथे मुलाचा घात कुत्र्याइतकाच रागावण्याच्या भीतीनेही होतो.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत हेच सूत्र अधिक तीव्रतेने लागू होते. अत्याचार करणारा बहुधा मुलाला एखाद्या क्षुल्लक नियमभंगात आधी सामील करून घेतो: लपून आइसक्रीम, लपून मोबाईल, लपून विडी. मग ‘सांगितलेस तर तुलाच मार बसेल’ हे त्याचे वाक्य मुलाला खरे वाटते, कारण मागच्या वेळी खरोखरच मार बसलेला असतो. ज्या घरात खरे सांगितल्यावर आधी ऐकून घेतले जाते आणि रागावणे नंतर होते, त्या घरातील मुलावर या वाक्याचा परिणाम कमी होतो. शिस्त नसावी असा याचा अर्थ नाही. मात्र सांगण्याबद्दल शिक्षा होता कामा नये.

मूल बोलते तेव्हा ते मोठ्यांच्या शब्दांत बोलत नाही. ‘त्या काकांकडे मला जायचे नाही’, ‘मला ती शिकवणी आवडत नाही’ एवढेच ते म्हणते. पोटात दुखते, रात्री अंथरूण ओले होते, आवडीचा खेळ अचानक सुटतो. ‘काकांना नाही म्हणतात का? जा, पापा दे’ असे म्हणून त्याला पुढे ढकलणारे आईवडील नकळत एक धडा देतात: मोठ्या माणसापुढे तुझ्या शरीरावर तुझा अधिकार नाही. पाहुण्याला नमस्कार करून मुलाने बाजूला होणे पुरेसे मानले तर आतिथ्यात काही उणे पडत नाही.

लक्ष ठेवणारे डोळे

मुलाला घरात ठेवण्याच्या उपायाची किंमत इंग्लंडमधील एका अभ्यासाने दाखवून दिली आहे. मायर हिलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ व १९९० या दोन वर्षांची तुलना केली. १९७१ मध्ये सात-आठ वर्षांची ८० टक्के मुले मोठ्यांशिवाय शाळेत जात होती; १९९० मध्ये हे प्रमाण ९ टक्क्यांवर आले. दरम्यान मुलांचे रस्त्यावरील मृत्यू घटले होते व रस्ते सुरक्षित झाल्याचे सांगितले जात होते. हिलमन यांचे म्हणणे असे की रस्ते सुरक्षित झालेले नव्हते, मुलांनाच रस्त्यावरून काढून घेण्यात आले होते.

जेन जेकब्स यांनी १९६१ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात शहरातील पदपथांवर ये-जा करणाऱ्या सामान्य लोकांचे ‘रस्त्यावरचे डोळे’ हेच मुलांचे खरे रक्षण असल्याचे प्रतिपादन केले. शिकागो शहरातील ३४३ वस्त्यांच्या अभ्यासातून (१९९७) रॉबर्ट सॅम्पसन व सहकाऱ्यांनी त्याला आकडेवारीचा आधार दिला. मुले शाळा बुडवून कोपऱ्यावर रेंगाळत असतील तर शेजारी काही करतील का, असे प्रश्न त्यांनी रहिवाशांना विचारले होते. जेथे ‘करतील’ हे उत्तर अधिक आले तेथे, गरिबी जमेस धरूनही, हिंसाचार कमी आढळला.

गिरणगावातील चाळ किंवा पुण्यातील वाडा यांना हे नवीन नव्हते. सामाईक गॅलरी, उघडी दारे, चौकातील नळ यांमुळे मूल कोणाच्या ना कोणाच्या नजरेत असे. परंतु या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता येत नाही. ज्या गॅलरीने मुलाला सांभाळले तिनेच पुष्कळदा घडलेल्या अत्याचारावर पांघरूणही घातले, कारण त्यात गुंतलेला माणूस चाळीतलाच असे आणि ‘आपल्यात कशाला तमाशा’ हा विचार प्रबळ ठरे. जुनी चाळ परत येणार नाही, आणि जशीच्या तशी यावी असेही नाही. तिच्यातील लक्ष ठेवण्याची सवय घ्यावी आणि झाकण्याची सवय सोडावी, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

आजच्या गृहसंकुलांत फाटकावर सुरक्षारक्षक आणि कॅमेरे असतात, आणि वाहनतळाच्या भिंतीवर ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटीही असते. कॅमेरा घडलेले नोंदवितो. मुलाला हाक मारत नाही. संकुलाच्या वार्षिक सभेत देखभाल खर्चावर दोन तास चर्चा होते. मुलांनी संध्याकाळी पाच ते सात कोठे खेळावे आणि त्या वेळात मोटारी कोठून जाव्यात, हा विषयही त्याच सभेचा आहे. त्या दोन तासांत आजी-आजोबांच्या बाकांची जागा खेळाच्या जागेसमोर असणे हा कॅमेऱ्यापेक्षा स्वस्त उपाय ठरतो.

हे सर्व सांगताना पालक म्हणजे दुपारी घरी असणारी आई, असे गृहीत धरले जाण्याचा धोका आहे. बांधकामावर, शेतात किंवा धुण्याभांड्याच्या कामावर जाणाऱ्या आईला मुलावर लक्ष ठेवा असे सांगणे निरर्थक आहे. ती मुलाला कुलूप लावून जाते किंवा सहा वर्षांच्या बहिणीवर सोपवून जाते. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याच्या कलम ३५ नुसार पन्नासपेक्षा अधिक स्त्री कामगार असलेल्या ठिकाणी सहा वर्षांखालील मुलांसाठी खोलीची सोय बंधनकारक होती. ‘मोबाईल क्रेशेस’ ही संस्था १९६९ पासून बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघरे चालवीत आली आहे. महाविद्यालयाच्या नव्या इमारतीचे काम चालू असताना त्या मजुरांची मुले दिवसभर कोठे असतात, हे पाहण्यास दूर जावे लागत नाही.

प्रसंग ओढवल्यास

मूल दिसेनासे झाल्यास चोवीस तास वाट पाहावी लागते हा समज चुकीचा आहे. १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’ विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात, बेपत्ता मुलाची तक्रार येताच गुन्हा नोंदवून अपहरण किंवा मानवी वाहतूक झाल्याचे गृहीत धरून तपास करावा, असे निर्देश दिले. मुलाचे अलीकडचे छायाचित्र, त्या दिवशीचे कपडे आणि शरीरावरील खुणा पालकांना सांगता याव्यात. १०९८ हा क्रमांक १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या चाइल्डलाइनचा आहे. २०२३ पासून ती सेवा शासकीय यंत्रणेमार्फत चालविली जाते व ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली आहे. आषाढीला पंढरपुरात किंवा गावोगावच्या जत्रांत लहान मुलाच्या खिशात दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी ठेवण्याची जुनी रीत आजही तितकीच उपयोगी आहे. तीवर मुलाचे नाव मात्र वरच्या बाजूस वाचता येईल असे नसावे, कारण नावाने हाक मारणाऱ्यावर मूल सहज विश्वास ठेवते.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत ‘बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२’ (पॉक्सो) हा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. कलम १९ नुसार गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या प्रत्येक व्यक्तीने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. न देणाऱ्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीचा गुन्हा दडविल्यास ही मर्यादा एक वर्षाची आहे. हे बंधन मुलावर नाही. अठरा वर्षे पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती या कायद्याच्या दृष्टीने बालक असल्याने कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी त्यात येतात, ही बाब प्राध्यापकवर्गाने ध्यानात घेण्यासारखी आहे.

बदनामीच्या भीतीने मागे हटणाऱ्या पालकांना कायद्यातील पुढील तरतुदी क्वचितच माहीत असतात. कलम २३ नुसार मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसारमाध्यमांना प्रसिद्ध करता येत नाही. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी स्त्री डॉक्टरकडून, पालक किंवा मुलीच्या विश्वासातील व्यक्तीच्या उपस्थितीत केली जाते. न्यायालयात आरोपी मुलाच्या समोर येणार नाही अशी व्यवस्था करावी लागते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षकापेक्षा कमी दर्जाच्या नसलेल्या महिला अधिकाऱ्याने घ्यावयाचा असतो, आणि तो घेताना पोलीस अधिकारी गणवेशात असता कामा नये, असे कलम २४ सांगते.